मुलगी, नात, मेहुणी : जुन्या जनगणनेच्या वह्यांसोबत आठ महिने

आमचे जावई इंग्लंडचे. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, आपल्या आजीविषयी एकच गोष्ट पक्की ठाऊक होती : आजीला तिच्या थोरल्या बहिणीनं सांभाळलं. बहीण अठरा वर्षांनी मोठी. 'एवढं अंतर कसं?' असं मी सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'कोण जाणे, कुणी कधी विचारलंच नाही.' माझं आयुष्य लेखापरीक्षणात गेलेलं, त्यात निवृत्त, त्यामुळे दुसऱ्यांच्या वह्या तपासायची खोड अंगात मुरलेली. म्हटलं, मी बघते. त्याला आता आठ महिने झाले.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर उगाच आशा लावून बसाल. आपल्याकडे हे करता येत नाही. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५नुसार आपल्या जनगणनेतल्या व्यक्तिगत नोंदी पाहायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मी लिहिते आहे ते इंग्लंड-वेल्स, आयर्लंड आणि अमेरिकेच्या नोंदींविषयी. घराण्याचा एखादा धागा तिकडे गेला असेल, तर उपयोग आहे.

इंग्लंडमध्ये १८०१पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण माणसांची नावं असलेल्या वह्या सलग मिळतात त्या १८४१पासून. शंभर वर्षं त्या बंद असतात. १९२१ची जानेवारी २०२२मध्ये खुली झाली. पुढची लवकर मिळेल असं समजू नका. १९३१च्या इंग्लंड-वेल्सच्या नोंदी डिसेंबर १९४२मध्ये आगीत गेल्या, १९४१ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, म्हणजे यानंतर थेट १९५१ची, तीही २०५२ साली. मी तोवर नसेन. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ला केलेलं एक राष्ट्रीय रजिस्टर आहे, त्यात जन्मतारखा असतात पण नात्याचा रकाना नाही.

आणि माझं सगळं काम होतं त्या नात्याच्या रकान्याशीच. १८४१च्या वहीत तो नाहीच. एका छताखाली कोण झोपलं एवढंच कळतं. ती बायको, बहीण की भाडेकरू, हे आपण ताडायचं. वयंही फसवी. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा हुकूम होता, म्हणजे ४४ वर्षांचा माणूस ४०चा. मला हे माहीत नव्हतं. विहीणबाईंची आजी ज्या सुताराच्या घरी वाढली, त्याचा बाप दहा वर्षांनी, १८५१ला, एकदम चौदा वर्षांनी म्हातारा दिसला, तेव्हा मी दोन वेगळी माणसं धरून एक आठवडा वाया घालवला.

१८५१पासून चित्र बदलतं. प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं, नेमकं वय, लग्न झालंय की नाही, कुठल्या गावी जन्म. इथून पुढे खरी मजा, आणि खरे खड्डेही. कारण रकाना विचारतो ते फक्त प्रमुखाशी नातं. 'मुलगा' लिहिलंय म्हणजे तो त्या घरातल्या बाईचाही मुलगा, असं अजिबात नाही. बाई दुसरेपणाची असेल, तर वहीला त्याचं सोयरसुतक नसतं.

शिवाय आपली भाषा इथे हातपाय बांधते. आपल्याला काका, मामा, आत्या, मावशी, पुतण्या, भाचा असं चोख सांगायची सवय. इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की संपलं. 'नेफ्यू' लिहिलेला पोरगा भावाचा की बहिणीचा, की बायकोच्या भावाचा, हे तुम्ही शोधा. 'सिस्टर-इन-लॉ'मध्ये तर नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या कोंबलेल्या. त्यावर कडी म्हणजे त्या काळी 'इन-लॉ' हा शब्द सावत्र नात्यालाही वापरत. 'सन-इन-लॉ, वय ७' वाचून मी चक्रावले होते. सात वर्षांचा जावई! तो सावत्र मुलगा होता. मी शेवटी इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द लगेच लिहायचं सोडलं. आधी सगळ्या शक्यता मांडायच्या, मग एकेक खोडायची.

आता मूळ प्रकरण. १८८१ची जनगणना, ३ एप्रिलची रात्र. घरात सुतार, वय ५४. बायको ४९. थोरली मुलगी १९, दोन मुलगे, धाकटा ९ वर्षांचा. आणि शेवटच्या ओळीत एक वर्षाची मुलगी, नातं 'मुलगी'. हीच विहीणबाईंची आजी. हिशेब बघा : आठ वर्षं पाळणा हलला नाही आणि मग बाईला ४८व्या वर्षी मूल. अशक्य नाही, पण ताळेबंदात असा आकडा दिसला असता तर मी व्हाउचर मागितलं असतं.

१८९१. सुतार विधुर, ६४ वर्षांचा. घरात तीच पोर, ११ वर्षांची, जन्मगाव तेच. नातं 'नात'.

मी ते पान चार वेळा मोठं करून पाहिलं. 'डॉटर'च्या आधी 'ग्रँड' स्पष्ट होतं. थोरली मुलगी तोवर लग्न होऊन शेजारच्या परगण्यात गेलेली. आणि १९०१ला आजी, वय २१, शिवणकाम करणारी, त्याच थोरल्या बहिणीच्या घरी. प्रमुख म्हणजे बहिणीचा नवरा, त्यामुळे नातं 'सिस्टर-इन-लॉ', इथे मेहुणी. वीस वर्षांत एकच पोर वहीत मुलगी, नात आणि मेहुणी. तिला जन्म देणारी बाई दोनदा त्याच छताखाली होती, फक्त ती कधी प्रमुख नव्हती, म्हणून तिच्याशी नातं कुणी विचारलंच नाही.

खोटं कोण बोललं, हे कागद सांगत नाही. माझा अंदाज एवढाच की आजीची आजी, म्हणजे सुताराची बायको, होती तोवर तिनं झाकलं, ती गेल्यावर म्हाताऱ्यानं दारात आलेल्या प्रगणकाच्या फॉर्मवर खरं ते लिहून टाकलं. किंवा प्रगणकानंच विचारलं असेल, 'एवढी लहान, तुमची?' हेही विसरू नये की १९०१पर्यंतच्या ज्या वह्या आपण पाहतो त्या प्रगणकानं घरोघरच्या फॉर्मांवरून उतरवून काढलेल्या नकला आहेत. मूळ फॉर्म नष्ट झाले. नक्कल करताना काय सुटलं, काय 'सुधारलं', देव जाणे.

१९११कडून मला फार अपेक्षा होती. या वर्षीचे मूळ फॉर्म जपले आहेत, कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले, आणि त्यात विवाहित बायकांना विचारलंय : लग्नाला किती वर्षं, किती मुलं झाली, किती हयात, किती गेली. म्हटलं, इथे सापडणार. थोरल्या बहिणीच्या घरचा फॉर्म मिळाला. लग्नाला २५ वर्षं, मुलं ५, हयात ४, गेलं १. पण प्रश्न होता सध्याच्या लग्नातल्या मुलांचा. लग्नाआधीचं पोर त्यात मोजायचं नव्हतंच. नियमानुसार फॉर्म चोख, आणि माझ्या कामाचा शून्य. (याच रकान्याची एक गंमत : विधवांनी तो रिकामा सोडायचा होता, पण बऱ्याच जणींनी भरला. कारकुनानं त्यावर रेघ मारली, तरी आकडे वाचता येतात. रेघेखालचे ते आकडे बघताना जीव कासावीस होतो. अकरा झाली, सहा गेली.)

उत्तर मिळालं ते जनगणनेबाहेर. इंग्लंड-वेल्समध्ये जुलै १८३७पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि निबंधक कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव दिसतं. आजीच्या नावासमोर त्या जागी नुसती एक आडवी रेघ. अशी रेघ म्हणजे बहुतेक वेळा आई अविवाहित. मग दाखला मागवला. वडिलांचा रकाना कोरा, आईच्या जागी थोरल्या बहिणीचं नाव.

म्हणून माझं ठाम मत : जनगणना हा पुरावा नव्हे, जबानी आहे. एका रात्रीची, कुणाच्या तरी तोंडची. एकच साल बघून वंशवृक्ष काढणाऱ्यांना मी आता मनातल्या मनात शेरा मारते. तीन-चार सालं शेजारी शेजारी ठेवली की विसंगती बोलायला लागते.

शोधण्याच्या तंत्राबद्दल थोडं. पहिले दोन महिने मी आडनाव टाकून शोधत राहिले आणि हात हलवत परत आले. सूची तयार करणाऱ्यांनी जुनं हस्ताक्षर वाचून टंकलेलं असतं, त्यात 'एल'चा 'एस' होतो, 'टी'चा 'एफ' होतो. आमच्या सुताराचं आडनाव १८७१ला असं काही लागलंय की आडनावाच्या जोरावर तो अजूनही सापडत नाही. अमेरिकेच्या जनगणनेसाठी साउंडेक्स नावाची जुनी सोय आहे : आडनावाचं पहिलं अक्षर आणि उच्चारावरून तीन आकडे, म्हणजे थोडं वेगळं लिहिलेलं आडनावही एकाच कप्प्यात पडतं. पण पहिलंच अक्षर चुकलं की साउंडेक्सही गप्प. मग मी आडनाव सोडलं. फक्त पहिलं नाव, जन्मगाव, वयात पाच वर्षांची ढील. त्यातही घरातल्या सगळ्यात दुर्मिळ नावाच्या पोराला शोधायचं, बापाला नाही. बापाचं नाव जॉन असेल तर जन्म जाईल.

वयाच्या रकान्यावर पेन्सिलीच्या जाड खुणा असतात. आकडेवारी काढणाऱ्या कारकुनांनी मोजताना मारलेल्या टिका. त्यामुळे ३०चे ५० वाचले जातात. लोक यावर चिडतात, मला मात्र त्या कारकुनाची कणव येते. मीही आयुष्यभर असल्याच टिका मारल्या.

एका सशुल्क संकेतस्थळाचं सदस्यत्व मी घेतलं होतं, त्याबद्दल नाराजी नोंदवते. प्रतिमा चांगल्या, पण 'तुमचे पूर्वज सापडले' अशा सूचनांचा मारा असतो, आणि त्या इतर सदस्यांच्या वंशवृक्षांवरून उचललेल्या. आमची आजी तिथल्या पाच झाडांवर सुताराची मुलगी म्हणूनच बसली आहे. एकानं चूक केली, चौघांनी ती उतरवली. दुरुस्ती सुचवली, तीन महिने उत्तर नाही. त्याउलट १८८१ची इंग्लंड-वेल्सची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि आयर्लंडच्या १९०१ व १९११च्या जनगणना तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं फुकट ठेवल्या आहेत. सुरुवात इथूनच करा, पैसे नंतर.

आयर्लंडकडे वळायचं कारण सुताराची बायको. जन्मगावाच्या जागी फक्त 'आयर्लंड', परगणासुद्धा नाही. तिथल्या त्याआधीच्या जनगणना जवळपास गेल्याच : १८२१ ते १८५१च्या बहुतेक १९२२च्या डब्लिनच्या आगीत, १८६१ ते १८९१च्या सरकारनंच नष्ट केल्या. तेव्हा तो धागा तिथे तुटला. पण चाळता चाळता एक गंमत कळली. तिथे १९०१ला ५६ वर्षांची एक बाई १९११ला ७१ वर्षांची झालेली. दहा वर्षांत पंधरानं म्हातारी! मला वाटलं दुसरी बाई. मग लक्षात आलं की १९०८च्या कायद्यानं सत्तरीपासून वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागलं होतं, आणि तिथे जन्मनोंदणी १८६४पासूनची, म्हणजे या वयाच्या माणसांकडे जन्माचा दाखला नाही. वय पटकन वाढणारच.

अमेरिकेचं काम थोडं झालं. सुताराचा एक मुलगा तिकडे गेला होता. १९००च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल, देशात आल्याचं साल असं सगळं असल्यानं तो दोन दिवसांत सापडला. त्याआधीची १८९०ची बहुतेक १९२१च्या आगीत आणि त्यानंतर गेली, त्यामुळे तो तिथे पोचल्यावर पहिली काही वर्षं काय करत होता, अंधार. तिकडची मुदत ७२ वर्षांची, म्हणून १९५०चीही १ एप्रिल २०२२पासून खुली आहे. मला सगळ्यात आवडली ती १९४०ची, कारण माहिती कुणी दिली त्या नावासमोर वर्तुळात फुली असते. जबाब कुणाचा ते कळतं. अशी फुली १८८१च्या त्या पानावर असती, तर मी बाकीचं काहीच मागितलं नसतं.

विहीणबाईंना दाखला दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'लहानपणी आम्ही तिच्याकडे जायचो, तर आजी तिचे केस विंचरून द्यायची.' पुढे काही नाही. त्या अजूनही तिला 'आजीची बहीण'च म्हणतात, मीही दुरुस्त करत नाही.

सदस्यत्व पुढच्या महिन्यात संपतंय, नूतनीकरण करणार नाही असं ठरवलंय. त्याआधी १८७१चा सुतार सापडला पाहिजे. सूचीवर भरवसा उरला नाही, म्हणून त्या गावाची पूर्ण वही पहिल्या घरापासून वाचायला घेतली आहे. ४३ पानं आहेत, २९ झाली.