वाक्प्रचारांचे ॲप आणि विस्कटलेली पिसे

इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ मराठीतून देणारे एक ॲप मी काही महिने वापरत आहे, आणि अशा साधनाची पारख एखाद्या निसरड्या नोंदीवरून करावी, म्हणून ‘रफल समवन्स फेदर्स’ ही नोंद निवडली. ‘एखाद्याला नाराज करणे’ हा तिथला अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डिवचलेल्या पक्ष्याची पिसे विस्कटतात, या चित्रावर हा प्रयोग उभा असल्याने त्यात तात्पुरती कुरबुर, किंचित दुखावलेला मान, कपाळावरची आठी एवढेच अभिप्रेत असते. विश्वासघाताने खचलेल्या माणसाविषयी तो वापरला, तर हास्यास्पद ठरतो. ॲपने मात्र नेमका ‘मन मोडणे’ हाच पर्याय सुचवला आहे! कामाची नवी पद्धत आणणारा अधिकारी ‘अ फ्यू फेदर्स’ विस्कटतो, म्हणजे कोणाचे नाव न घेता काही जणांची नाराजी सूचित होते, ही रुळलेली रचना तर गाळलीच आहे. रुसवा काढण्यासाठीचे ‘स्मूद रफल्ड फेदर्स’ दिले आहे, हे चांगले.

‘रब समवन अप द राँग वे’, म्हणजे एखाद्याला चीड आणणे, याची नोंद अधिक काळजीपूर्वक केली आहे: ब्रिटिश इंग्रजीतला ‘अप’ अमेरिकन इंग्रजीत बहुधा गळतो, आणि ही चीड समोरच्याच्या नुसत्या वागण्याबोलण्यामुळे, त्याच्या नकळतही येऊ शकते, हे दोन्ही तिथे सांगितले आहे. उच्चार स्पष्ट ऐकू येतात. शोध मात्र पहिल्या शब्दावरूनच चालतो, त्यामुळे ‘फेदर्स’ टाइप केल्यास काहीच हाती लागत नाही.