साडेआठशेचा पट्टा आणि अठरा पायऱ्या

नागपूरच्या धंतोलीतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकबद्दल लिहून राहिली आहे. नाव टाकत नाही, कारण तक्रारी पण आहेत आणि तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमशी आता चांगली ओळख झाली आहे. चार स्टार देते. पाचवा जिन्यात गेला.

मार्चमध्ये मला गरोदरपणाचा बत्तिसावा आठवडा लागला. एका रात्री कूस बदलायला गेले तर समोरच्या हाडात, अगदी दोन मांड्यांच्या मध्ये, असं काही चमकलं की तोंडातून आवाज निघाला. नवरा उठून लाईट लावून बसला. त्यानंतर रोजचंच झालं. एका पायावर उभं राहून सलवार घालता येईना. स्कूटीच्या मागे पाय टाकायचा म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. दवाखान्यात विचारलं तर उत्तर आलं, "आता होणारच थोडंफार." सासूबाई म्हणाल्या, "बाळ खाली सरकलं असन." दोघांचंही खोटं नव्हतं, पण रात्री बाथरूमपर्यंत जायचं कसं, हे कोणीच सांगितलं नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. बर्डीच्या बाजारात गेले आणि एका सर्जिकल दुकानातून पट्टा आणला. दुकानदाराने टेपने पोट मोजलं आणि हातभर रुंद बेल्ट दिला, चौदाशे रुपये. पोटाला आधार मिळाला, खोटं कशाला बोलू. पण पाच मिनिटं चाललं की तो वर सरकायचा, आणि दुखायचं ते खाली. परत घेणार का विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हा घातलेला माल आहे." त्या बेल्टमध्ये आता आमच्या घरी गव्हाची पोती बांधली जातात.

क्लिनिकचा पत्ता ऑफिसमधल्या एका ताईने दिला. जयप्रकाश नगरहून मेट्रोने काँग्रेस नगरला उतरले, दोन्हीकडे लिफ्ट, एक पायरी चढावी लागली नाही. आणि कंबरेच्या सांध्यांवर उपचार करणारं हे क्लिनिक कुठे? पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अठरा पायऱ्या मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. वर पोचल्यावर वीस मिनिटं बसवलं ते वेगळंच. रागाने परत जावं असं वाटलं, पण उतरायच्या पण अठराच होत्या.

यानंतर मात्र तासभर जे झालं त्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मॅडमनी आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवायला लावली. मग टेबलावर थोडं तिरकं निजवून म्हणाल्या, एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला. उचलेचना. पाय जणू दुसऱ्या कोणाचा होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझे खुबे दोन्ही बाजूंनी दाबून धरले आणि म्हणाल्या, आता उचला. पाय सहज वर आला! मी दोनदा करून पाहिलं, जादू वाटली. "पट्टा हेच काम करतो," त्या म्हणाल्या, "माझ्या हातांचं. म्हणून तो पोटावर नाही, इथं बसायला पाहिजे."

"इथं" म्हणजे मांडीचं हाड बाजूला जिथे हाताला कडक लागतं तिथे, साधारण पॅन्टच्या खिशाच्या उंचीवर. पोटाच्या खूप खाली. मी जन्मात तिथे बांधला नसता. त्यांच्याकडचा अरुंद पट्टा साडेआठशेचा. तो बांधून, मला चालवून, पुन्हा घट्ट-सैल करून त्यांनी वेल्क्रो जिथे जुळायला हवा तिथे निळ्या पेनाने खूण केली. दोन बोटं आत जातील इतकाच कसायचा. चालताना, काम करताना घालायचा, झोपताना काढायचा. चव्वेचाळीस डिग्रीत तो थेट अंगाला लावला तर पुरळ उठतं, हे मात्र मला मीच शिकले. आत सुती कपडा घाला.

असं का होतं तेही त्यांनी सांगितलं. समोरच्या सांध्यात एरवीही चार-पाच मिलिमीटर फट असते, गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते. रिलॅक्सिन नावाचं हार्मोन सांध्यांचे बंध सैल करतं आणि वर पोटाचं वजन येतं. पण फट जास्त म्हणजे दुखणं जास्त, असा हिशोब नाही. पाच गरोदर बायांमागे साधारण एकीला हा त्रास होतो, हे ऐकून मला बरं वाटावं की राग यावा ते कळेना. इतक्या जणींना होतो तर मला आधी कोणी बोललं का नाही?

घरी काही गोष्टी बदलल्या. कूस बदलताना गुडघे चिकटवून, मध्ये उशी धरून, सगळं अंग एकदम वळवायचं. कपडे बसून घालायचे. ऑटोत आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय सोबत आत. नातेवाइकांच्या कारमध्ये सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली की घसरून वळता येतं, त्यावर सगळे हसले, मी वळले. जिन्यावर एकेक पायरी, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. देशी संडास बंद, कमोडची खुर्ची आणली. गोळीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तुमच्या डॉक्टरांना विचारा, शेवटच्या महिन्यांत आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घ्यायची नाही. आणि पायावर भारच टाकता येईना, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर माझ्याकडे नाही, सरळ दवाखान्यात जायचं.

शेवटच्या भेटीत त्यांनी टेपने न दुखता दोन गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात ते मोजलं. अडतीस सेंटिमीटर. चिठ्ठीवर लिहून दिलं, बाळंतपणात पाय याहून जास्त फाकवू नका. मला वाटलं तिथे कोण वाचतं. सिस्टरने फाईलला टाचणीने लावलं आणि वाचलं हो! कळा मी डाव्या कुशीवर काढल्या, आणि शेवटी दोघी सिस्टरनी माझे दोन्ही पाय एकाच वेळी, सावकाश उचलले. मुलगी झाली, तीन किलोची.

घरी शेगडी, शेक आणि मालिशवाली काकू तयारच होत्या. बाहेर मे महिना, घरात कूलर बंद, कारण बाळंतिणीला वारं लागतं. तिसऱ्या दिवशी काकूंनी सुती लुगड्याने पोट असं कसून बांधलं की खाली सगळं ओढल्यासारखं झालं. मॅडम घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, वरून इतकं कसलं की दाब खाली जातो, आणि तिथले स्नायू आधीच थकलेले आहेत. काकूंना वाईट वाटलं. "मंग आमी करायचं काय?" मॅडम हसून म्हणाल्या, "पाठ आणि पाय, तुमच्याइतकं चांगलं कोण करणार?" त्या दिवसापासून दोघी एकमेकींना चहा विचारतात.

व्यायाम साधे होते. लघवी आणि गॅस दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत ओढून धरायचं, पहिले तीन सेकंद, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत, श्वास न रोखता. मात्र लघवी करताना हे करून पाहायचं नाही. बाळाला पाजताना केलं की लक्षात राहतं. सहाव्या आठवड्यापर्यंत रात्री कूस बदलणं विनासायास जमू लागलं, तीन महिन्यांनी जिना नेहमीसारखा झाला. पट्टा एकदम नाही सोडला, रोज तासाभराने कमी करत गेले.

पैशांचं सांगायचं तर क्लिनिकमध्ये एका वेळचे सातशे, घरी आल्यावर बाराशे. चार वेळा क्लिनिकमध्ये, दोनदा घरी. महाग आहे, पण बर्डीचे चौदाशे आठवले की तोंड बंद होतं. व्यायामाचा कागद मात्र पूर्ण इंग्रजीत होता. सासूबाईंना वाचता येईना म्हणून मी पाठीमागे मराठीत लिहिला, मॅडमनी त्याची झेरॉक्स करून घेतली. जिन्याचं विचारलं तर म्हणाल्या, घरमालक ऐकत नाही. आता गरोदर बाया आल्या की त्या स्वतः खाली येऊन पार्किंगच्या बाकड्यावर तपासतात, पण हे फोनवर आधी सांगावं लागतं. सांगाल तरच.

पट्टा सध्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे आहे, त्यांना आठवा लागला. माझी निळी खूण त्यांच्या मापाला जुळत नाही, म्हणून शनिवारी त्यांना घेऊन जाते आहे. पार्किंगचं आधीच सांगून ठेवलं आहे.