सूत्राने मिळणारा निधी की स्पर्धेतून?

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने सुरू झालेलं समुदाय विकास अनुदान, म्हणजे स्थानिक विकासकामांसाठी केंद्र सरकार देतं तो निधी, दोन वाटांनी खाली येतं. साधारण ७० टक्के रक्कम मोठी शहरं आणि काउंटींना (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) थेट मिळते, ३० टक्के राज्यांमार्फत लहान गावांना.

५० हजारांवर लोकसंख्या असलेल्या शहराचा आकडा सूत्राने ठरतो: लोकसंख्या, गरिबी, दाटीवाटीची किंवा जुनी घरं. आराखडा द्यावा लागतो, पण शेजारच्या शहराशी झुंजावं लागत नाही.

लहान गावाचं तसं नाही. बहुतेक राज्यांत अर्ज, गुण आणि क्रमवारी. एखाद्या भागातली सांडपाण्याची वाहिनी बदलायची, तर तिथले ५१ टक्के रहिवासी अल्प वा मध्यम उत्पन्नाचे आहेत हे सहसा दाखवावं लागतं. जनगणनेतून ते दिसत नसेल तर घरोघरी सर्वेक्षण! जिथे एकच कारकून पाणीपट्टीपासून सगळं बघतो, तिथे हे कोण करणार? मग सल्लागार नेमायचा, आणि अर्ज नाकारला गेला तर सगळी मेहनत वाया.

स्पर्धेच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. ३० टक्के रक्कम सगळ्या गावांत वाटली, तर कुणाचीच वाहिनी पुरी होणार नाही; निवडक गावांना एकरकमी दिली तर काम तडीस जातं. तरीही मला सूत्रच जास्त न्याय्य वाटतं, कारण त्यात गरज मोजली जाते, अर्ज लिहिण्याचं कसब नाही. स्पर्धा ठेवायचीच असेल, तर लहान गावांचं सर्वेक्षण राज्यांनी आपल्या खर्चाने करून द्यावं.