ट्रॅफिकमध्ये बाइकने गाड्यांच्या रांगेत थांबायचं की दोन रांगांमधून निघायचं?
रांगेत थांबलेल्या बाइकला खरा धोका मागून असतो: उशिरा ब्रेक मारणारी गाडी स्वाराला पुढच्या बंपरवर चेपते. शिवाय एअर-कूल्ड (हवेवर थंड होणारं) इंजिन तापतं, क्लच दाबून हात भरून येतो ते वेगळंच.

मधून निघालात की हे टळतं, पण अचानक उघडणारं दार आणि इंडिकेटर न देता लेन बदलणारी कार आडवी येते. सगळा खेळ वेगातल्या फरकाचा. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ मध्ये परवानगी दिली ती ताशी ३० किमीपर्यंतच. थांबलेल्या रांगांत मुभा द्यावी, धावत्या रांगांत नको, हेच पटतं. ट्रक-बसशेजारून मात्र कधीच नाही. वळताना त्यांची मागची चाकं आत कापत येतात आणि चालकाला आरशात बाइक दिसत नाही.