वल्हांडणातील हॉट डॉगचे आवरण: मात्साचे पीठ की बटाटा?

पिठाच्या आवरणात भाजलेल्या छोट्या हॉट डॉगना इस्रायलमध्ये ‘मोशे बातेवा’, म्हणजे ‘पेटाऱ्यातला मोशे’, असे गमतीदार नाव आहे. मात्र ज्या मोशेने इस्राएलींना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढले, त्याच्याच सणात, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडणात (पासओव्हर), हा पदार्थ नेहमीच्या रीतीने करता येत नाही. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या धान्यांचे भिजवलेले पीठ १८ मिनिटांच्या आत भाजले गेले नाही, तर ते खमीर, म्हणजे या सणात वर्ज्य, ठरते, आणि यीस्टने फुगवलेल्या आवरणाचा तर प्रश्नच उरत नाही. मुलांचा हट्ट पुरवायचा असेल, तर मात्साचे, म्हणजे खमिराविना भाजलेल्या पातळ भाकरीचे, पीठ आणि उकडलेला बटाटा हे दोनच पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. बदामाच्या पिठाचे आवरणही होते, परंतु ते महाग पडते, गुंडाळताना भुगा होते आणि मुलांच्या पंगतीत सुक्या मेव्याची ॲलर्जी असणारे कोणी असू शकते.

निवड चवीवरून करण्याआधी पाहुण्यांची रीत विचारावी. मात्सा एकदा भाजला गेलेला असल्यामुळे त्याचे पीठ पुन्हा आंबत नाही, म्हणून बहुतेक घरांत ते ओलवून वापरणे चालते. पण अनेक हसिदी (कर्मठ ज्यूंच्या एका पंथातील) कुटुंबे भिजवलेला मात्सा, ज्याला ते ‘गेब्रॉक्ट्स’ म्हणतात, सणात खात नाहीत, आणि इस्रायलबाहेर पाळल्या जाणाऱ्या आठव्या दिवशीच ती बंदी सैल करतात. असे एक जरी घर जेवायला येणार असेल, तर बटाटाच घ्यावा.

मात्साच्या आवरणाची कृती उकड काढण्यासारखीच आहे. एक कप पाणी, अर्धा कप तेल, मीठ आणि चिमूटभर साखर उकळून त्यात दोन कप मात्साचे पीठ घोटावे, ते कोमट झाल्यावर चार अंडी एकेक करून मिसळावीत आणि पीठ पाणी शोषून घेईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग तेलाच्या हाताने हॉट डॉगभोवती थापून १९० अंश सेल्सियसला रंग येईपर्यंत भाजावे. आतल्या वाफेने आवरण फुगते आणि अंडी ते फुगलेले रूप धरून ठेवतात. म्हणूनच मध्येच ओव्हन उघडण्याचा मोह टाळावा. हे आवरण पावाच्या सर्वांत जवळ जाते आणि थंड झाल्यावरही टिकते, त्यामुळे डब्यासाठी किंवा सहलीसाठी मी हेच निवडेन.

बटाट्याचे आवरण अधिक मऊ आणि लहान मुलांना अधिक आवडणारे असते, मात्र त्यात चुकायला वाव जास्त आहे. ग्लुटेन नसल्यामुळे ते ताणले जात नाही, चिरते. आणि बटाटा पाणचट असला, तर लागेल तितका स्टार्च घालत गेल्याने शेवटी ते रबरासारखे होते. बटाटे सालीसकट उकडावेत, गरम असतानाच कुस्करावेत, पूर्ण निवू द्यावेत आणि मगच अर्धा किलोला एक अंडे व साधारण १०० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च घालावा. मिक्सर मात्र वापरू नये, कारण त्याने बटाटा चिकट होतो. उपवासाचे पॅटिस करणाऱ्यांना हे तंत्र नवे नाही. हॉट डॉग कोरडे पुसून गुंडाळावेत, वरून अंडे लावावे आणि २०० अंशांना सुमारे २५ मिनिटे भाजून गरमच वाढावेत. निवल्यावर ते मलूल होतात. सेदेरच्या, म्हणजे सणातल्या विधिवत जेवणाच्या, रात्री, जेव्हा मुलांना हगादाचे (मिसरातून सुटकेच्या कथेचे) वाचन संपेपर्यंत थांबावे लागते, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

आवरण कोणतेही असो, आतला हॉट डॉग केवळ कोशेर (ज्यू आहारनियमांना धरून) असून भागत नाही. त्यावर वल्हांडणासाठीचा शिक्का लागतो, कारण एरवीच्या सॉसेजमध्ये धान्याचे पूरक पदार्थ किंवा मक्याचे सिरप असू शकते. मांसासोबत दूध चालत नसल्याने आवरणात लोणी घालता येत नाही. अश्केनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यूंच्या) घरांत मक्याप्रमाणे मोहरीही वर्ज्य असते, त्यामुळे बशीत मोहरीच्या सॉसऐवजी मक्याच्या सिरपविना केलेले केचप ठेवावे. चार वर्षांखालील मुलांसाठी मात्र हॉट डॉग गुंडाळण्याआधीच उभा चिरून त्याच्या चार फाका कराव्यात. गोल चकत्या घशात अडकतात.