भाभाट्रॉन: कोबाल्टच्या मशीनला गाठ किती दाद देते?

कॅन्सरच्या गाठीवर लाईट (किरणोपचार) घ्यायला गेवराई, किनवट, औंढ्याकडून पेशंट आला की नातेवाईक आधी विचारतात, मशीन कोबाल्टचं (किरणोत्सारी धातूवर चालणारं) की लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं)? कोबाल्ट म्हटलं की चेहरे उतरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचंच मशीन. पण गाठीच्या पेशी किरणांतून वाचतात त्या आपल्या ठरलेल्या वाटांनी, तेव्हा मशीनचा कस त्या वाटांवरच लावायला हवा.

पहिली वाट दुरुस्तीची. १ ग्रे (किरणांच्या डोसाचं माप) डोसात एका पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटतात असे सुमारे ४० तडे पडतात. यातले बरेचसे काही तासांत जोडले जातात. निरोगी पेशी ही जोडणी अधिक नीट करतात, म्हणून डोस रोज २ ग्रे असा तोडून देतात. इथे जुन्या सोर्सबद्दल (मशीनमधला किरण देणारा कोबाल्ट) एक गैरसमज आहे, की त्यावर डोस कमी पडतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे ताकद महिन्याला साधारण १ टक्का उतरते. नव्या सोर्सवर २ मिनिटांत होणारी सीटिंग पाच वर्षांनी जवळपास ४ मिनिटं चालते. डोस मात्र तेवढाच मिळतो, आणि वाढलेल्या दोन मिनिटांत पेशींची दुरुस्ती फारशी उरकत नाही. खरा तोटा रांगेचा: दिवसाला कमी पेशंट बसतात, आणि मास्कखाली (डोकं स्थिर ठेवणारा साचा) जास्त वेळ पडून माणूस हलतो.

दुसरी वाट प्राणवायूची. किरणांनी डीएनएला केलेली इजा पक्की होते ती प्राणवायूमुळे. रक्तवाहिनीपासून ०.१ ते ०.१५ मिलिमीटरच्या पलीकडे तो पोचत नाही. तिथल्या उपाशी पेशींना मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. या बाबतीत भाभाट्रॉन आणि कोट्यवधींचा लिनॅक एकाच रांगेत, कारण किरणांची जात एकच. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा अडवतो. उपचार चालू असताना बिडी चालू ठेवणं म्हणजे गाठीला आडोसा देणं. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक ठिकाणी रक्त चढवतात. एरिथ्रोपोएटिनच्या (रक्त वाढवणारं औषध) इंजेक्शनने आकडा चढवायचा उपाय मात्र डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये २००३ च्या चाचणीत उलटा पडला.

तिसऱ्या वाटेवर भाभाट्रॉनला मार्क मिळतात. उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यापासून तोंड-घशाच्या गाठीतल्या उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात, खुरपलेल्या हराळीसारख्या. तेव्हापासून रोजचा सुमारे ०.६ ग्रे नुसती ती वाढ फेडण्यात जातो. पाच दिवसांचा खाडा म्हणजे ३ ग्रे पाण्यात, दीड सीटिंगएवढे. राहिलेल्या सीटिंग शेवटी जोडून डोस पुरा होतो, पण दिवस लांबल्याचा तोटा भरून निघत नाही. त्याच आठवड्यात शनिवारी, किंवा एका दिवशी निदान ६ तासांच्या अंतराने दोनदा देऊनच ते भरून काढायचं. ३५ सीटिंग सात आठवड्यांत संपल्याच पाहिजेत. लिनॅकला स्थिर वीज, थंड पाणी, एसी, सगळं लागतं, आणि एखादा भाग गेला की दिवस बुडतात. कोबाल्ट आपोआप किरण देतो. वीज फक्त यंत्र हलवायला लागते आणि भाभाट्रॉनला बॅटरी बॅकअप आहे. उन्हाळ्यात तास-तास वीज जाणाऱ्या भागात हा गुण छोटा नाही.

पण याच वाटेवर त्याची कमजोरीही आहे. कोबाल्टच्या किरणांचा पूर्ण जोर कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर येतो, ६ एमव्ही (किरणांच्या ताकदीचं माप) लिनॅकचा दीड सेंटिमीटरवर. त्यामुळे मानेची कातडी लवकर सोलवटते. लाळग्रंथी वाचवत डोसाला आकार देणारी आयएमआरटी नेहमीच्या भाभाट्रॉनवर होत नाही. तोंड आलं, गिळणं बंद झालं की पेशंट गावी निघून जातो आणि वर सांगितलेला खाडा पडतो. म्हणून घशाच्या गाठीला लिनॅक मिळत असेल तर तोच घ्यावा. पोटाच्या खोल भागात १० सेंटिमीटरवर कोबाल्टचा डोस साधारण ५६ टक्के उरतो, लिनॅकचा ६७ च्या आसपास. जाड पेशंटला समोरून-मागून दोनच फील्ड (किरण सोडायच्या बाजू) न देता चार द्यावेत. हाडातल्या गाठीच्या दुखण्यावर, एका सीटिंगमध्ये ८ ग्रे, भाभाट्रॉन पूर्ण पुरतं.

पेशीचक्राची (पेशी दुभंगण्याच्या टप्प्यांची) वाट थोडक्यात: डीएनएची नक्कल उरकत आलेली पेशी सगळ्यात चिवट. रोज थोडा डोस दिला की कधी ना कधी ती नाजूक टप्प्यात सापडते. जोडीला आठवड्याला सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) ४० मिलिग्रॅम दर चौरस मीटर (अंगाच्या पृष्ठभागामागे) दिलं की दुरुस्तीही अडते. किडनीला ते झेपत नसेल तर डोसिटॅक्सेल १५ मिलिग्रॅम दर चौरस मीटर. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये टाटा मेमोरियलच्या चाचणीत नुसत्या लाईटच्या जोडीला डोसिटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेलं.

तारीख घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: सोर्स कधी भरला, बुडालेला दिवस कसा भरून काढता, आणि गर्भाशयमुखासाठी ब्रॅकीथेरपी (गाठीजवळ आतून किरण देणं) इथेच आहे की बाहेर पाठवता. ब्रॅकीसकट सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. बाहेर जायचं असेल तर तिथली तारीख इथल्या मशीनची लाईट चालू असतानाच पक्की करून घ्या. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारी बाई असेल तर उचल घेण्याआधीच हे वेळापत्रक घरच्यांना सांगावं लागतं.