त्रास काही नाही, तरी तपासून घ्यावं का? फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा शेजारी शेजारी ठेवून

बरीच वर्षं सिगारेट ओढलेली, किंवा ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीत काम केलेलं, किंवा दोन्ही. आज खोकला नाही, दम लागत नाही. अशा माणसाला 'एकदा छाती तपासून घे' असं सगळेच सांगतात, पण कोणत्या आजारासाठी तपासायचं हे कुणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे. फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरणाचा कॅन्सर, दोन्ही छातीतले आणि दोन्हींमागे ॲस्बेस्टॉस असू शकतं. पण आधी शोधून काढल्याने पहिल्यात जीव वाचतो हे सिद्ध झालंय, दुसऱ्यात अजून नाही. तपासणीचा निर्णय या फरकावर घ्यायला हवा.

एक्स-रेचा विषय लवकर संपतो. अमेरिकेतल्या पीएलसीओ अभ्यासात सुमारे दीड लाख लोक होते. निम्म्यांचे काही वर्षं दरवर्षी छातीचे एक्स-रे काढले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे राहू दिलं. १३ वर्षांनी पाहिलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत दोन्ही गटांत फरक नव्हता. तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. लहान गाठ हृदयाच्या किंवा बरगड्यांच्या सावलीत सहज लपते.

लो-डोस सीटीची, म्हणजे कमी किरणांत काढलेल्या सीटी स्कॅनची, गोष्ट वेगळी. २०११ साली एनएलएसटी या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. ५३ हजारांहून जास्त लोक, ५५ ते ७४ वयाचे, सगळे दांडगे धूम्रपान केलेले. तीन वर्षं दरवर्षी सीटी झालेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू, सीटीऐवजी एक्स-रे काढलेल्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी होते. ऐकायला मोठं वाटतं, पण जरा उलटून पाहू: एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ३२० जणांना तपासावं लागलं. शिवाय जवळपास चौथा हिस्सा सीटींमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं, आणि त्यातल्या ९६ टक्क्यांमध्ये कॅन्सर नव्हताच.

हा खोटा घोर कमी कसा करायचा, याचं उत्तर नेदरलँड्स-बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीने दिलं (२०२०). त्यांनी गाठीची नुसती रुंदी न मोजता घनफळ मोजलं. मधल्या आकाराच्या गाठीला लगेच सुई लावायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी काढायचा आणि ती किती वेगाने वाढते ते पाहायचं. त्यामुळे पुढच्या तपासण्यांसाठी जेमतेम २ टक्के लोक पाठवावे लागले, आणि दहा वर्षांत पुरुषांमधले फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून तपासणी करायचीच असेल तर केंद्राला मशीन किती नवं आहे हे विचारण्याआधी, छोटी गाठ दिसली तर पुढे काय करता, हे विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर घाबरगुंडी उडते ती बहुधा 'नोड्यूल' (छोटी गाठ) या एका शब्दाने. सीटीतल्या गाठींचं वर्गीकरण करणाऱ्या लंग-रॅड्स या प्रचलित पद्धतीत पहिल्याच तपासणीत ६ मिलिमीटरपेक्षा लहान भरीव गाठ दिसली तर पुढचा सीटी थेट वर्षाने. ६ ते ८ मध्ये असेल तर सहा महिन्यांनी, ८ ते १५ मध्ये असेल तर साधारण तीन महिन्यांनी. हे थांबणं ज्याला जमणार नाही, ज्याची झोप उडेल, त्याने तपासणीआधीच याचा विचार करावा. किरणोत्सर्गाची भीती मात्र त्या मानाने किरकोळ: लो-डोस सीटीचा डोस सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी मिळतो त्याहून कमी.

हा सीटी कुणी करावा? अमेरिकेच्या यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञ गटाची २०२१ची शिफारस: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून सिगारेट चालू किंवा सोडून १५ वर्षं झालेली नाहीत. रोज २०चं एक पाकीट वर्षभर म्हणजे एक पॅक-इयर. रोज १० सिगारेटी ४० वर्षं ओढल्या तरी २०च भरतात. यात बसत असाल तर माझं मत सरळ आहे: दरवर्षी करा. आणि अजून ओढत असाल तर सोडा, कारण सीटी हा सिगारेटचा परवाना नव्हे.

रक्ताच्या एका थेंबात सगळे कॅन्सर, अशा जाहिरातींना भुलू नका. रक्तातल्या डीएनएवरून अनेक कॅन्सर शोधणाऱ्या एका चाचणीच्या २०२१च्या अभ्यासात चौथ्या टप्प्यातले ९० टक्के कॅन्सर पकडले गेले, पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के. जिथे शोधायचं तिथेच ती आंधळी. सीटीला ती पर्याय नाही.

लवकर सापडल्यावर हातात काय पडतं, तेही बघा. जपानच्या एका चाचणीत (२०२२) २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फुप्फुसाचा अख्खा खंड न काढता छोटा भागच काढला, तरी पाच वर्षांनी ९४ टक्के रुग्ण हयात होते. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना ओसिमर्टिनिबची गोळी दिल्यावर पाच वर्षं जगणारे ७८ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेले. म्हणून गाठ काढल्यावर जनुकीय तपासणीचा आग्रह धरावा.

आता मेसोथेलिओमा. ॲस्बेस्टॉसशी त्याचं नातं १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवरून पुढे आलं. सिगारेटचा याच्याशी संबंध नाही. धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ५० वर्षं जातात, आणि तो एका जागी गोळा न होता फुप्फुसावरणावर पातळ पसरत जातो. सीटीला पकडायला गोल गाठच सापडत नाही. मेसोथेलिन, ऑस्टिओपाँटिन, फिब्युलिन-३ या रक्तातल्या खुणांवर संशोधन झालं, पण निरोगी माणसांत आजार आधी ओळखण्याइतकी भरवशाची त्यातली एकही ठरली नाही. पदरमोड करून त्या तपासण्या करू नयेत.

उपचारातही चित्र वेगळं. २००३मध्ये सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला पेमेट्रेक्सेडची जोड मिळाली आणि मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) ९ महिन्यांवरून १२वर गेलं. नंतर निवोलुमॅब-इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारा उपचार) ते, त्या चाचणीतल्या केमो गटाच्या १४ महिन्यांवरून १८वर नेलं; नॉन-एपिथेलिऑइड या पेशींच्या प्रकारात तर जवळपास ९वरून १८. मोठ्या शस्त्रक्रियेने मात्र निराशा केली: ब्रिटनच्या मार्स-२ चाचणीत (२०२४) केमोसोबत फुप्फुसावरण खरवडून काढलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १९ महिने होतं, नुसती केमो घेतलेल्यांचं जवळपास २५. ऑपरेशन सुचवलं गेलं तर या चाचणीचं नाव घेऊन विचारा.

मग ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्याने सीटी करायचाच नाही का? करायचा, पण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. १९७९च्या एका गाजलेल्या अभ्यासात त्या कॅन्सरने मरण्याचा धोका नुसत्या सिगारेटने सुमारे ११ पट, नुसत्या ॲस्बेस्टॉसने ५ पट आणि दोन्ही मिळून ५० पटींच्या वर दिसला. ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट दोन्ही असतील तर लो-डोस सीटीचा सर्वाधिक फायदा होण्याची शक्यता तुम्हालाच. सीटीत 'प्लूरल प्लाक' (फुप्फुसावरणावरचे जाड चट्टे) दिसले तर ती जुन्या धुळीची खूण आहे; त्यांचा कॅन्सर होत नाही.

सिगारेट कधीच नाही आणि ॲस्बेस्टॉसचा संपर्कही थोडाच, अशांनी दरवर्षीच्या सीटीमागे लागण्याआधी धोका किती आहे ते डॉक्टरकडून काढून घ्यावं. कुठे, किती वर्षं, कसलं काम केलं ते मात्र केसपेपरवर लिहवून ठेवावं. पुढे कधी एका बाजूला छातीत पाणी झालं आणि पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, तरी तिथे थांबू नये, कारण मेसोथेलिओमा त्या तपासणीतून बऱ्याचदा निसटतो. दुर्बिणीतून फुप्फुसावरणाचा तुकडा घेऊन बायॉप्सी करायची का, हे त्याच भेटीत विचारावं.